घुबडाची हजेरी

३ सप्टेंबर

प्रिय घुबड,

वरचे दोन शब्द वाचून तू चष्मा कपाळावर सरकवला असशील आणि पाकीट उलटंपालटं करून पाहिलं असशील. कशाला शोधतेस? तुला या नावानं हाक मारायचा हक्क ज्यांना होता त्यांतल्या बऱ्याच जणी आता आज्या झाल्या, काही जणी देवाघरी गेल्या, आणि उरलेल्यांत इतकं तिरकं, एकसारखं अक्षर एकटीचंच. कॉन्व्हेंटातल्या सिस्टरनी बोटांवर पट्टी मारून वळवलेलं. मी टिटवी.

पत्ता बगळ्यानं मिळवला. बगळा दातांची डॉक्टर झाली, हे तुला ठाऊक नसेल. तुमच्या रेडिओ केंद्रातले एक निवृत्त तंत्रज्ञ तिच्याकडे दाढ काढायला गेले होते. त्यांच्या तोंडात कापूस कोंबून हिनं हातात पेन्सिल दिली आणि म्हणाली, "बातम्या वाचायच्या त्या बाईंचा पत्ता लिहा, मग दाढेकडे बघते." बिचाऱ्यांनी पिनकोडसकट लिहून दिला.

मुद्द्याचं आधी सांगते, नाहीतर मी वाहवत जाते. डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी आपलं मंडळ जमतं. दरवर्षी जमतं. बगळ्याच्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, कारण त्या दिवशी पेशंट नसतात आणि खुर्च्या भरपूर असतात. भिंतीवर प्लास्टिकचा एक जबडा आहे, तो आमच्याकडे बघून हसत असतो. यंदा तू ये. एवढंच.

आता वाहवत जाते.

तुला आपली खोली आठवते का गं? जिन्याखालची, तिरक्या छताची. बगळ्याला ताठ उभं राहता यायचं नाही, म्हणून तिला चिटणीस केलं, म्हणजे बसूनच राहील. डोक्यावरून पायऱ्या चढणाऱ्या पावलांवरून आपण प्राध्यापक ओळखायचो. टाच घासत जाणारे ते गणिताचे, एक पायरी गाळून जाणाऱ्या त्या इतिहासाच्या मॅडम. दारावर 'विद्यार्थिनी स्नेहमंडळ' अशी पाटी होती. मुलांनी तिच्याखाली खडूनं लिहिलं, 'चिवचिव क्लब'. सगळ्या चिडल्या. तू मात्र प्रयोगशाळेतून तैलरंगाचा डबा आणलास आणि त्यांची खडूची अक्षरं रंगवून पक्की केलीस. म्हणालीस, "आता पुसून दाखवा म्हणावं." त्या दिवसापासून आपण सगळ्या पक्षी झालो. तुझा आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा, म्हणून तू घुबड. माझा पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा, म्हणून मी टिटवी.

आणि आपला निळा कोट! अख्ख्या मंडळात मिळून एकच चांगला कोट. जिची मुलाखत असेल तिनं घालायचा आणि परत करताना खिशात लिमलेटच्या गोळ्या ठेवायच्या, पुढचीसाठी. किती जणींना नोकऱ्या लावल्या त्या कोटानं. मला इस्पितळाच्या टेलिफोनवर घेतलं ते त्याच्याच जोरावर. निवृत्त होईपर्यंत "नमस्कार, कुणाशी जोडून देऊ?" म्हणत राहिले.

हजेरी अजून तशीच होते. 'हजर' म्हणायचं नाही, 'येस मिस' तर मुळीच नाही. 'आहे' म्हणायचं. तो नियम तुझाच. "हजर आपण वर्गात असतोच, मन कुठेही असलं तरी. इथे 'आहे' म्हणायचं, आणि नसलो तर यायचंच नाही."

लिहायला पुष्कळ आहे. हवा बदलली आणि माझा घसा धरला आहे, महिना झाला. सुनेनं काढा पाजून पाजून जीव नकोसा केलाय. तेवढं सोडलं तर सगळं छान.

उत्तर दे. नाही दिलंस तरी ये.

तुझी,
टिटवी


२१ सप्टेंबर

प्रिय घुबड,

तुझं कार्ड आलं. पाठकोऱ्या कार्डावर तीन ओळी. बातम्यासुद्धा तू याहून लांब वाचायचीस.

'ज्या शनिवारी माझ्या नावाला तू माझी नक्कल करून "आहे" म्हणालीस आणि सगळ्या खदाखदा हसल्या, त्या शनिवारी मी दाराबाहेर उभी होते. आई नुकतीच गेली होती. तेच सांगायला आले होते.'

ते वाचून मी उठले, गॅसवरचं दूध उतरवलं, परत येऊन वाचलं. आमच्या ह्यांनी विचारलं, "कुणाचं आहे?" मी म्हटलं, "घुबडाचं." ते म्हणाले, "कुणाचं?" त्यांना हल्ली ऐकू कमी येतं आणि मला मोठ्यानं बोलता येत नाही, तेव्हा विषय तिथेच थांबला.

म्हणजे तू आली होतीस! इतकी वर्षं आम्ही समजत होतो की तू न सांगता निघून गेलीस. मी तुझ्या घरी गेले तर दाराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, आई गेली, मुलीला मामा घेऊन गेले. कुठल्या गावी ते त्यांनाही माहीत नव्हतं. मामांचा पत्ता मिळाल्यावर मी पत्रं लिहिली. तू उत्तर दिलं नाहीस, तेव्हा वाटलं, आई गेल्यावर माणसाला चिवचिवाट नको होत असेल. मग एका संध्याकाळी रेडिओ लावला आणि विहिरीतून आवाज आला, 'नमस्कार, ठळक बातम्या.' मी हातातला कांदा तसाच धरून उभी. बातम्या संपेपर्यंत कोणत्या देशात काय झालं ते एक अक्षर कळलं नाही.

आता त्या शनिवारी दाराच्या आत काय झालं ते ऐक. दार मध्ये होतं म्हणून तुला अर्धंच कळलं.

आपला दुसरा नियम आठव. सलग तीन शनिवार ज्या नावाला उत्तर नाही, ते नाव आणि ती खुर्ची नव्या मुलीची. खोलीच एवढीशी, करणार काय? तू आईपाशी इस्पितळात होतीस. पहिल्या शनिवारी 'घुबड?' झालं, उत्तर नाही. दुसऱ्या शनिवारी नाही. तिसऱ्या शनिवारी पहिल्या वर्षाची एक गोबऱ्या गालांची मुलगी आत उंबऱ्याशी येऊन बसली होती, पेन्सिलीला टोक करत. तुझ्या खुर्चीची वाट बघत. वाईट नव्हती गं ती. पण तुझ्या खुर्चीत?

बगळ्यानं हजेरी घ्यायला सुरुवात केली. 'घुबड?' म्हणाली, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं. तुझ्या आवाजात. सिस्टरांची, गणिताच्या सरांची, तुझी, सगळ्यांची नक्कल मला यायचीच, पण ती नुसती गंमत असायची. त्या दिवशी मी पोटातून आवाज काढला, पार तळातून. "आहे."

आणि बगळा मान खाली घालून म्हणाली, "घुबड, घसा बसलाय वाटतं. मिठाच्या पाण्यानं गुळण्या कर." आणि हजेरीवहीत खूण केली.

त्यावर हसल्या सगळ्या. बगळ्यावर. तुझ्यावर नाही. तुझी खुर्ची वाचली म्हणून हसल्या. ती गोबरी मुलगीसुद्धा हसली आणि आपण होऊन म्हणाली, "मी पुढच्या वर्षी येईन."

काल मी बगळ्याला फोन करून हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "टिटवे, मला तू खरंच मूर्ख समजत होतीस का? तुझे ओठ हलताना मी पाहिले होते. म्हणून तर मान खाली घातली."

तेव्हापासून तुझ्या नावाला दरवर्षी मीच 'आहे' म्हणते. एकदाही चुकलं नाही. माझं बाळंतपण जवळ आलं होतं त्या वर्षीही गेले, पोट सावरत. आपली साळुंकी म्हणायची, "हिच्या पोटात घुबड आहे." मुलगा झाला आणि खरंच त्याचा आवाज खर्जातला निघाला, तेव्हा तिनं मला महिनाभर छळलं.

आता सांग, तुझी नक्कल केली का मी? केली. पण कशासाठी?

टिटवी

ता. क. डॉक्टरांनी बोलणं कमी करायला सांगितलं आहे. म्हणून पत्र लांबलं.


९ ऑक्टोबर

प्रिय घुबड,

चार पानी पत्र! आणि तेही शाईच्या पेनानं! सुनेनं पाकीट आणून दिलं आणि म्हणाली, "आई, तुम्ही लाजताय."

मी ते इतक्यांदा वाचलंय की घड्या फाटायला आल्यात. रेडिओच्या मुलाखतीचा तुकडा तर मला तोंडपाठ झाला. त्या शनिवारी दाराबाहेर तू मला ओळखलंच नव्हतंस, नाही का? तुला वाटलं, कुणीतरी घोगऱ्या आवाजाची नवी मुलगी आणून तुझ्या खुर्चीत बसवली. स्वतःचा आवाज स्वतःला कुठे ठाऊक असतो? आणि मग मामांच्या गावाजवळच्या रेडिओ केंद्रात त्यांनी तुझा आवाज ध्वनिमुद्रित करून तुला ऐकवला आणि तुला वाटलं, अरे, हा तर मी ऐकलाय, जिन्याखालच्या खोलीच्या दाराबाहेर. तेव्हा कळलं तुला, की ती नवी मुलगी नव्हती. ती मी होते. आणि तू लिहितेस, 'तेव्हा मला जास्त लागलं. परकीनं खुर्ची घेतली असती तर विसरले असते. तू चेष्टा केलीस ते नाही विसरता आलं.'

आणि माझ्यानंतर तूच नेलेला आमचा कोट घालून बसली होतीस त्या मुलाखतीला! कोट घेऊन उडालं घुबड, असं आम्ही उगाच नव्हतो म्हणत.

शेवटच्या पानावर तू लिहिलंस, 'आता समजलं. पण इतक्या वर्षांनी येऊन बोलू काय? मला माणसांत बसायची सवय राहिली नाही. बंद खोलीत, काचेआड, एकटीनं बोलायची सवय. तिथे कुणी मध्ये बोलत नाही.'

यावर मी चार उत्तरं लिहिली आणि चारही फाडली. आता पाचवं. सिस्टर सांगायच्या, पत्रात वाईट बातमी शेवटी लिहू नये, वाचणारा पानं उलटत घाबरत राहतो. मी पहिल्या पत्रापासून नेमकं तेच करते आहे.

घसा हवेनं धरलेला नाही. स्वरयंत्रात गाठ आहे, आणि ती चांगली नाही. अठरा तारखेला शस्त्रक्रिया आहे. गाठ काढली की मी राहीन, असं डॉक्टर खात्रीनं म्हणतात, आणि डॉक्टर चांगले आहेत. पण गाठीबरोबर स्वरयंत्र पूर्ण काढणार. म्हणजे आवाज जाणार. पुढे यंत्र लावून बोलता येतं म्हणे, पण ते पुढे.

घरात सगळे अगदी शहाण्यासारखे वागताहेत. आमचे हे काल म्हणाले, "चला, तुझा आवाज गेला आणि माझे कान गेले. आता आपला संसार सुखाचा होईल." मी हसले. मग ते न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून बराच वेळ बाहेर आले नाहीत.

मला मरणाची भीती नाही वाटत गं, कारण तसं कुणी म्हणतच नाहीये. माझी भीती ऐकशील तर हसशील. दुसऱ्या शनिवारी बगळा 'टिटवी?' म्हणेल आणि मी समोर बसलेली असेन, आणि खोलीत शांतता होईल. सगळ्या माना खाली घालतील. इतकी वर्षं टेलिफोनवर बसून मी दुसऱ्यांना जोडून दिलं. तुझ्या नावाला उत्तर दिलं. आता माझ्या नावाला कुणी द्यायचं? साळुंकी देईल, बगळा देईल, पण त्यांना माझा आवाज काढता येत नाही. त्यांना दयेनं म्हटलेलं 'आहे' म्हणता येईल. ते मला नको.

तू माझं काही देणं लागत नाहीस. मी तुला काही परत मागत नाही. पण खिळा पत्र्यावर कसा ओढायचा ते ऐकून ऐकून तुलाच ठाऊक होतं. तू चिडवायचीस ना मला, बोटांनी नाक दाबून?

आत्ता माझा आवाज कसा झालाय सांगू? खोल, घोगरा. विहिरीतून आल्यासारखा. काल आरशासमोर उभी राहून म्हटलं, "नमस्कार, ठळक बातम्या." नक्कल करावीच लागली नाही.

ये गं.

टिटवी


१५ नोव्हेंबर

प्रिय घुबड,

हात ठीक आहे, अक्षर बघ. सिस्टर असत्या तर शाबासकी दिली असती.

सगळं व्यवस्थित झालं. गळ्याशी एक भोक आहे, त्यातून श्वास घेते. त्यावर सुनेनं शिवलेला मऊ रुमाल बांधते. तिनं प्रत्येक कपड्याला जुळणारा एकेक शिवला आहे. मी गळ्यात दोरीनं पाटी अडकवून फिरते. ह्यांनी पाटीवर पहिल्या दिवशी 'चहा?' असं लिहून दिलं होतं, म्हणजे मला नुसतं बोट दाखवता येईल. लबाड. चहा त्यांनाच हवा असतो.

घरात माझ्याशी कुणी ओरडून बोलतं, कुणी कुजबुजतं. मी बहिरी झाल्यासारखे वागतात. शेजारच्या वहिनी तर मला हातवारे करून विचारत होत्या, "जेवलात?" मी लिहून दाखवलं, 'वहिनी, तुमचा आवाज गेलाय का?' तेव्हा कुठे हसल्या.

तुझं पत्र आलं नाही. मी रोज विचारते, म्हणजे पाटीवर प्रश्नचिन्ह काढते. सून मान हलवते. मी फार मागितलं का? मागितलं असेल. जी काचेआड बसली तिला काचेतून बाहेर ये म्हणणं सोपं नसतं. तू आली नाहीस तरी माझा राग नाही. राग धरून बसायला जिन्याखालची खोली लागते आणि तिथे आता झाडू ठेवतात, असं ऐकते. दारावरची 'चिवचिव क्लब' अक्षरं मात्र अजून आहेत म्हणे. तैलरंग होता.

टिटवी


१० डिसेंबर, शनिवार

प्रिय घुबड,

हे मी दवाखान्यात बसून लिहिते आहे. लवकर आले. बगळा आतल्या खोलीत कप विसळते आहे, साळुंकी बिस्किटांचा डबा उघडेना म्हणून त्याच्याशी भांडते आहे. जबडा नेहमीसारखा हसतो आहे. ह्यांनी मला दारापर्यंत सोडलं आणि विचारलं, "घ्यायला कधी येऊ?" मी पाटीवर लिहिलं, 'चिवचिवाट थांबेल तेव्हा.' ते म्हणाले, "मग उद्याच येतो."

तुझ्या नावाचं काय करायचं ते ठरत नाही. मला आता 'आहे' म्हणता येणार नाही. खुर्चीवर टिचकी वाजवू? पण टिचकीला तुझा आवाज कुठून आणू? बगळा म्हणते, यंदा आपण हजेरीच घेऊ नये. मी पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'घे.' थांबवली तर पुन्हा सुरू व्हायची नाही. हे पत्र संध्याकाळी टाकीन, त्यात काय झालं ते


(त्यानंतर, बगळ्याच्या औषधं लिहून द्यायच्या कोऱ्या कागदावर)

घुबड, तू माझ्या शेजारी बसली आहेस आणि मी तुला पत्र लिहिते आहे. मान वाकवून वाचू नकोस, लिहू दे आधी.

मला म्हणतेस, "बोल की!" अशी कशी गं तू. जीभ चावलीस ते पाहिलं मी. आता ही चूक रोज कुणीतरी करतं, आणि मला ती फार आवडते.

मला लिहूनच ठेवायचं आहे, कारण उद्या तू म्हणशील असं काही झालंच नाही. बगळ्यानं मान खाली घातली, चष्मा लावला. 'घुबड?' कुणी काही बोललं नाही. मी माझ्या हातांकडे पाहत होते. बगळ्यानं जरा जास्तच वेळ थांबून पुढचं नाव घेतलं. 'टिटवी?' साळुंकीनं माझा गुडघा धरला. तिचं तोंड उघडलं, मला दिसलं, ती दयेनं म्हणणार होती.

आणि बंद दाराबाहेरून, नाक दाबून, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं, आलं. "आहे!"

अगं, काय घाणेरडी नक्कल! इतकी वर्षं रेडिओवर बोललीस आणि एवढंही जमेना? माझा आवाज इतका वाईट होता? साळुंकीच्या हातून डबा पडला. सगळ्या हसल्या. मी हसले; माझं हसणं आता गळ्यातून नुसती हवा सुटल्यासारखं होतं, रुमाल उडतो. आणि मग एका क्षणी आम्ही सगळ्या एकदम गप्प झालो. कारण बाहेर पावलं वाजली नाहीत. दाराबाहेर उभी राहून, आत हसणं ऐकून, तू या वेळी गेली नव्हतीस.

बगळ्यानं दार उघडलं. निळा कोट, बटणं पोटावर लागत नाहीत, बाह्या मनगटाच्या वर. आणि तू पहिलं वाक्य काय बोललीस? "जिना नाही इथे. कोण चाललंय ते कळायचं कसं?"

पत्राला उत्तर का नाही दिलंस ते विचारणार नाही. तुझ्या कोटाच्या खिशात मी हात घातला तेव्हा लिमलेटच्या गोळ्या लागल्या. नवीन. तेवढं उत्तर पुरे.

थांब, बगळा पुन्हा चष्मा लावते आहे. म्हणते, एक नाव मागे राहिलं आहे.

"घुबड?"

सगळ्या तुझ्याकडे बघताहेत आणि तू तोंड मिटून बसली आहेस, हाताची घडी घालून, हट्टी पोरीसारखी. माझ्याकडे बघतेस. "मी का सांगू? दरवर्षी जी सांगते तीच सांगेल."

बरं. कागद सोड. हा उलट करते, म्हणजे मागच्या खुर्चीवरूनही दिसेल.

आहे